टेपचं दुसरं टोक

"दुसरं टोक धरा हो," आचलनं अंधारात आवाज दिला, आणि कोणीतरी ते धरलं.

टेप ताणली गेली. एकोणीस मीटर चाळीस. तिनं वहीत आकडा टिपला, "झालं, सोडा" म्हणाली, टेप सैल झाली. सगळं कसं शिस्तीत.

मूर्तिजापूरजवळच्या त्या गावातली ही जिनिंग-प्रेस. इंग्रजांच्या काळात इथं कापूस दाबून गाठी बांधत; आता कित्येक वर्षं बंद. कोणत्या जुन्या इमारतीला कायद्याचं संरक्षण द्यायचं, याच्या पाहणीसाठी पुरातत्त्वच्या कचेरीनं आचलला अमरावतीहून धाडलं होतं. कंत्राटी नोकरी, पहिलीच इमारत. प्रेस पाडून दुकानांचे गाळे काढायचं गावात घाटत होतं, त्यामुळे संरक्षण मिळालं तरच ती वाचणार होती.

वही मिटून ती दाराकडे वळली, तर समोरून एक तरणाताठा गडी आत येत होता. खांद्यावर झेंडूचा भलामोठा हार.

"बरं झालं धरलंत," ती म्हणाली. "चौकीदार ना तुम्ही?"

"मी जीवन. फुलवाला," तो म्हणाला. "आत्ताच येऊन राहिलो, मॅडम. चौकीदार तं सकाळीच अकोल्याले गेला."

"मग आत कोण आहे?"

"पुंजाजी असन." हे त्यानं इतक्या सहज सांगितलं, की तिच्या अंगावर काटा यायला जरा वेळच लागला. "इथला मापाडी. त्याले जाऊन साठ वर्सं झाले. पन मापाच्या कामाले तो कोनाले नाई म्हनत नाई."

मधोमध कापूस तोलायचा मोठा लोखंडी काटा टांगलेला होता. फुलं अकोल्याच्या बाजारात पाठवायच्या आधी पहिला हार या काट्याला, ही जीवनच्या घरची तीन पिढ्यांची रीत. त्यानं हार एका बाजूला अडकवला. काटा जागचा हलला नाही.

"गंजलाय," आचल म्हणाली.

जीवननं दुसऱ्या बाजूला नुसतं बोट लावलं. काटा अलगद झुलला... आणि पुन्हा सरळ झाला. हार एकाच बाजूला होता. आचलनं एकदा हाराकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि पुढचे तीन दिवस टेपचं टोक जीवननंच धरायचं असं ठरवून टाकलं.

त्यानंही धरलं. आचल घाबरली होती, हे खरं. पण पहाटे आंघोळ करून ओलेच विंचरलेले त्याचे केस तिला आवडले होते, हेही तितकंच खरं.

"जुनी हाये म्हनून वाचवता का?" त्यानं विचारलं.

"नुसतं जुनं असून भागत नाही. अशी दुसरी कुठं उरली आहे का, मूळचं किती शाबूत आहे, इथं काय घडलं... आणि लोकांचा तिच्यावर जीव आहे का."

"हाये ना," तो म्हणाला. बघत मात्र होता तिच्याकडे.

"मी इमारतीचं विचारलं."

"मी बी इमारतीचंच सांगून राहिलो."

खोटं बोलताना त्याचे कान लाल होत. आचलनं ही नोंद वहीत केली नाही, पण विसरलीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा त्यानं विचारलं, "आता कधी येसान?"

"आधी संरक्षणाची अधिसूचना निघते. मग दोन महिने कोणालाही हरकत घेता येते. नाही आली, तर मी कशाला येईन?"

"आन् आली तं?"

"तर चौकशीला यावंच लागतं."

जीवननं मान डोलावली. त्याच्या डोक्यात काय शिजत होतं, ते आचलला तेव्हा कळलं असतं तर तिनं तिथंच कपाळावर हात मारला असता.

अधिसूचना फाल्गुनात निघाली. आचल दिवस मोजत होती. अगदी शेवटच्या दिवशी एकच पाकीट आलं. 'सदर इमारतीत पुंजाजी मापाडी राहतात. त्यांना विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नये. – जीवन उत्तमराव.'

साहेबांनी चष्मा काढला. "आत कोणी राहत असेल, तर फाईल परत. जाऊन बघा."

आचल बसनं गेली ती रागानं धुमसतच. जीवन प्रेसच्या दारात उभा होता. आचलची कचेरीतली मराठी पार गळून पडली.

"तुले अक्कल हाये का? हरकत काहून घेतली?"

"तुमीच म्हनाल्या... आली तं यावं लागते म्हनून."

"अन् फाईल परत गेली, प्रेस पडली, तं? हार कुठी टांगशीन?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. एवढं त्याला खरंच सुचलं नव्हतं. "पाच महिने झाले," तो खाली बघत म्हणाला. "रोज हार टाकतो, अन् तुमी टेप धरून उभ्या रायच्या तिथंच पायतो. मले दुसरं काई सुचतच नोतं."

आचलला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण रडू आलं, आणि मग हसू.

भरदुपारी दोघं आत शिरले. चूल नाही, अंथरूण नाही, धुळीत जीवनखेरीज कोणाचं पाऊल नाही. काट्यावर सकाळचा, गलांड्याच्या तांबड्या-पिवळ्या फुलांचा हार. पंचनाम्यासाठी पुन्हा एकदा माप घ्यायचं होतं. आचलनं टेपचं टोक पलीकडच्या भिंतीशी जमिनीवर ठेवलं आणि टेपची डबी हातात घेऊन अलीकडच्या भिंतीपर्यंत आली. जीवन टोक धरायला न जाता तिच्या मागोमागच आला.

"माझं कंत्राट या महिन्यात संपतं," ती हळूच म्हणाली. "पुढच्या वेळी मी हरकतीशिवाय येईन. तू बोलावलंस तर."

"बोलावतो," तो म्हणाला, आणि टेप धरलेल्या तिच्या हातावर त्यानं हात ठेवला.

तेवढ्यात टेप ताणली गेली. एकोणीस मीटर चाळीस.

दोघं इथं होते. पलीकडे अंधार होता. पण हात कोणीच सोडला नाही.

"पुंजाजी," आचलनं अंधाराकडे बघत विचारलं, "तुमची काई हरकत?"

टेप सैल झाली. आचल ती डबीत गुंडाळत गेली... सरसर, सरसर. टोकाच्या कडीत गलांड्याचं एक ताजं फूल अडकलं होतं.

आचलनं ते केसात खोवलं, आणि पंचनाम्यात लिहिलं – कोणाचीही हरकत नाही.