बाहीतल्या चार टिपा

घराच्या पुढच्या खोलीतल्या दवाखान्यात, वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ताईला आज पुन्हा शाबासकी मिळाली... आणि तिच्या काळजात चर्र झालं.

"चार महिन्यांत अकरा किलो! मनावर घेतलंस की जमतं बघ," धाकटा डॉक्टर भाऊ म्हणाला.

आईच्या माघारी शिलाई मशीनवर पाय झिजवून तिने या भावाला डॉक्टर केलं होतं. त्या बैठ्या वर्षांनीच तिचं अंग सुटलं, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. दवाखाना उघडल्यापासून तो तिला तोंडावर ताबा ठेवायला बजावत होता. ती खरोखरच अर्धपोटी राहायची, दोन्ही वेळा चालायला जायची, तरी काटा हलायचा नाही. आणि मी मोजूनमापून खाते म्हटलं की तो नुसता हसायचा. तिच्या तपासणीच्या कागदावर त्याने लिहिलेलं तिने एकदा वाचलं होतं... 'सूचना पाळत नाही.' पोटच्या पोरासारखं वाढवलेल्या भावाने आपल्याला खोटारडी ठरवावं, ही वेदना तिने कुणापाशी बोलून दाखवली नाही.

आता चार महिने घास घशाखाली उतरत नव्हता. सांगायचं ती रोज ठरवायची, पण काट्याकडे बघून त्याचा चेहरा असा उजळायचा की शब्द ओठांवरच राहायचे.

खाली उतरताना तिला भोवळ आली. त्याने दंड धरून सावरलं, तेव्हा ब्लाउजची सैल बाही उलटली आणि आत टिपांच्या चार ओळी दिसल्या, एकीच्या आत एक. त्याचं बालपण त्या मशीनशेजारी अभ्यास करण्यात गेलं होतं. बाही किती वेळा आत घेतली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"ही शेवटची टीप कधी मारलीस?"

"परवा."

"आणि पोटभर जेवलीस कधी?"

"गिळवत नाही रे..."

"ताई, मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदाच तू माझ्यावर खूश होतास."

त्याने तिला खुर्चीत बसवलं. मग कागद घेऊन त्याने ते जुनं वाक्य खोडलं, पुन्हा पुन्हा खोडलं, कागद फाटेपर्यंत.

मोठ्या रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि फार उशीर झाला होता.

आता तो दवाखाना लवकर बंद करतो आणि वाटी-चमचा घेऊन तिच्या उशाशी बसतो. इतकी वर्षं तिला कमी खा म्हणणारा तो हात जोडतो, "ताई, एक घास. माझ्यासाठी एकच..."

आणि डोळे मिटून, त्याच्यासाठी, ती तोही गिळते.