चंद्रावरचं ठिबक आणि खिशातली शेव

पथ्यराम नावाचा यंत्रमानव घरात आल्यापासून द्वारकाआजीच्या डोक्याला शांतता नव्हती. मेला कढईत नाक खुपसायचा. फोडणी तडतडली की म्हणायचा, "तेल दोन ग्रॅम जास्त." पन्नास वर्षं अंदाजाने घराला जेवू घातलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय?

त्याला दवाखान्याने पाठवलं होतं. आजोबांना तीन महिन्यांनी चंद्रावर जायचं होतं. तिथल्या काचघरात केळी लागली होती आणि ठिबकच्या नळ्या अंथरायला जळगावचे आजोबाच हवे होते. पण रक्तदाब उतरल्याशिवाय यानात पाऊल ठेवता येणार नव्हतं.

कोडं असं, की तीन आठवडे घास न् घास मोजूनही दाब चढतच होता.

"शक्यता एकच," पथ्यराम म्हणाला. "आजींचा हात खारट आहे."

आजीने झारा खाली ठेवला. धुण्याच्या टोपलीतून आजोबांचा सदरा उचलला आणि खिसा ताटात उलटा केला. कुठे हात घालायचा, हे तिला मोजावं लागत नव्हतं. मूठभर शेवेचा चुरा पडला, मागोमाग लसणाच्या कॅप्सूलची बाटली.

"आजोबा, शेव समजली," नात शाल्मली म्हणाली. "पण कॅप्सूल कशाला?"

"अगं, ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आपण ॲसिड सोडून धुतो ना, तसंच," आजोबा पुटपुटले. "वाटीभर शेव, वर तीन कॅप्सूल. नळ्या साफ. नैसर्गिकच आहे ते."

"शेतातली अक्कल छातीत चालवली," आजी म्हणाली.

पथ्यराम ताटातला चुरा तोलत होता. "रोहिण्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) अशा धुता येत नाहीत. चरबी त्यांच्या भिंतीतच मुरते. आणि शेवेतलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. नळ्या तेवढ्याच, पाणी जास्त."

"मग दाब वाढणार आणि मोटर दमणार," शाल्मली म्हणाली. "मोटर म्हणजे हृदय."

"बरोबर. शिवाय आजोबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. वरून लसणाचा अर्क घेतला, तर जखमेचं रक्त लवकर थांबत नाही."

आजोबांचा हात हनुवटीकडे गेला. सकाळी दाढी करताना कापलं होतं, तिथला कापूस अजून ओला लाल होता.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल नाही," पथ्यराम म्हणाला. "मीठ कमी. आणि तंतू (धान्य, डाळी, भाज्यांतला न पचणारा भाग) रोज हवेत. ते पोटातून जाताना थोडं कोलेस्टेरॉल (रक्तातला मेणासारखा पदार्थ) सोबत घेऊन जातात. जवसात तंतू भरपूर."

"जवसाची चटणी या घरात तुझ्या आधीपासून आहे," आजी म्हणाली, आणि त्याच दिवशी चटणीत मीठ निम्मं, आमचूर दुप्पट केलं.

शेव सुटली, कॅप्सूल बंद झाल्या. दीड महिन्याने दाब यानाच्या रेषेखाली आला. डॉक्टरांनी सही केली. आजोबा नळ्या गुंडाळायला बसले, तशी शाल्मलीने मूठभर जवस त्यांच्या त्याच खिशात टाकलं. केळीशेजारी एक ओळ तिच्या नावाची लावायची होती.

पथ्यराम दबकत स्वयंपाकघरात आला. "आजी, चटणीचं अचूक माप सांगता?"

आजीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मोजता तुला येतं, माणूस ओळखता येत नाही. ज्या दिवशी आधी म्हाताऱ्याचा खिसा तपासशील आणि मग बाईच्या हाताकडे बोट दाखवशील, त्या दिवशी माप सांगेन. तोवर बस इथे, आणि लसूण सोल."