शेवटच्या घरचं आमंत्रण

दुकानाच्या फळ्या लागल्या की नानांभोवती घरातली तरुण मंडळी जमत. नानांचा भांड्यांचा व्यापार, दुकान सराफ्याच्या मागे. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण माणसं मात्र त्यांनी भरपूर वाचली होती. त्या रात्री पुतण्या बळवंत मुरारच्या रस्त्याला एक घर पाहून आला होता.

"छोटीशी वस्ती आहे नाना, नऊच घरं. शांतता तर ऐसी की क्या बताऊँ! विहिरीचं पाणीही गोड."

"भिंती ठोकून पाहिल्यास?"

"पाहिल्या की."

"आणि शेजार?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. "गिऱ्हाईक साधी घागर घेताना दहा टिचक्या मारतं, कान लावून ऐकतं. घर घेताना मात्र पाणी चाखलं की झालं. कंदील जरा बारीक कर. माझ्या मधुसूदनचं सांगतो. त्याच्याबरोबर मी विटीदांडू खेळलोय, म्हणजे ऐकीव गोष्ट नव्हे ही."

मधुसूदन शिंद्यांच्या दरबारच्या दप्तरात कारकून. मूलबाळ नाही, नवरा-बायको दोघंच. एकवीस वर्षांत आठ बिऱ्हाडं बदललेली. कधी शिंदे की छावनीत, कधी लष्कर भागात कुणाच्या माडीवर. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की यांनी ट्रंका बांधायच्या. अनसूया म्हणायची, "अहो, आता माझ्यात उचलायची ताकद नाही. मरायला तरी आपली भिंत असू द्या." म्हणून त्यानं मुरारच्या वाटेवर, नऊ घरांच्या वस्तीत, एक घर घेतलं. ओळीतलं आठवं.

वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, तो कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन आमंत्रणाला निघाला. अनसूयेनं बजावलं होतं, "एकही दार सोडू नका. लहान वस्ती आहे. एक घर रुसलं तर विहिरीवर जन्मभर ऐकावं लागेल."

सात घरं झाली. शेवटच्या घराला कुलूप होतं. आता आपल्यात रीत अशी, की घर बंद असलं तरी उंबऱ्यावर अक्षत ठेवायची आणि आमंत्रण बोलायचं. तो वाकला, तोच मागून विजयाबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते घर राहू द्या."

विजयाबाई सातव्या घरातल्या. नवरा फौजेत होता, तो वारल्यावर एकट्याच राहत.

"का हो? भांडण आहे का तुमचं?"

"भांडायला माणसं लागतात." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मधुसूदनला आपली आठ बिऱ्हाडं आठवली. भाडेकरू म्हणून कितीतरी पंगतींतून त्यालाही असंच वगळलं होतं. त्याला वाटलं, आपण तरी कुणाला वगळू नये. त्यानं अक्षत ठेवली आणि रीतीप्रमाणे मोठ्यानं म्हणाला, "बुधवारी वास्तुशांत आहे. सहकुटुंब जेवायला यायचं."

एवढीच चूक. आपल्यासारख्या रीत पाळणाऱ्या माणसानंच करावी अशी.

सन छत्तीस, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, बुधवार. दुपारची पंगत छान झाली, मोठी पातेली माझ्याच दुकानातून गेली होती. रात्री दोघांचंही अंग मोडून आलं होतं. मुरारच्या छावणीत अकराचे टोल पडले आणि दारावर थाप पडली.

हळू. ओळखीच्या माणसासारखी.

"कोण?"

त्यानं दार उघडलं. चांदणं स्वच्छ होतं. अंगणात कुणी नव्हतं. थंडीनं त्याचे दात वाजले. पण इतक्या वर्षांची सवय... तोंडातून निघून गेलं, "या, या. बसा."

आणि दार त्याच्या हातात जड झालं. शेजारून गार वारा आत गेला. एकदा. परत एकदा. सहा वेळा.

अनसूया डोळे चोळत बाहेर आली. तिनं त्याच्या मागे पाहिलं. पदर सावरला.

"अगंबाई! बसा ना. उशीर झाला म्हणून काय झालं... अहो, असे उभे काय? सहा पानं मांडा."

त्याला कुणीच दिसत नव्हतं.

तरी त्यानं पत्रावळी मांडल्या. अनसूया उरलेल्या पोळ्या वाढत गेली. कढी वाढली. वाकून म्हणाली, "तूप घ्या ना वहिनी, थोडंसं." लहान मुलाच्या उंचीवर हात नेऊन ती हसली. मधुसूदन भिंतीला टेकून पत्रावळींकडे बघत होता.

घास उचलला जात नव्हता. पण घरात जेवणाचा आवाज होता.

मग अनसूया थांबली. कान देऊन ऐकू लागली. तिचा चेहरा उतरला.

"अहो..."

"काय म्हणतात?"

"वहिनी म्हणतात... तुमच्याकडे जेवलो. आता तुम्ही दोघं आमच्याकडे कधी येणार?"

जेवणाचा आवाज थांबला. कुणीतरी वाट बघत असल्यासारखा.

अनसूयेचे ओठ हलले. ती भिडस्त बाई. जन्मात तिनं कुणाचं आमंत्रण मोडलं नव्हतं. ती "येऊ" म्हणणार, हे त्याला कळलं. त्यानं पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"तिला झेपत नाही हो," तो म्हणाला. आवाज फार दमलेला होता. "आठ घरं उचललीत तिनं. तिला इथेच राहू द्या. आमच्याकडून मी एकटा येईन. तुमच्या सवडीनं बोलवा."

दिवा हलला. गार वारा बाहेर गेला.

सहा वेळा.

सकाळी विजयाबाईंनी सांगितलं. तापाच्या साथीत त्या घरातली सहाही माणसं एकाच गाडीतून नेली होती. मागे रडायलाही कुणी उरलं नव्हतं.

मधूनं हे सगळं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मधू, घर वीक."

तो म्हणाला, "आणि जाऊ कुठे रे? नवव्या बिऱ्हाडात?"

पौष गेला. माघही संपत आला. तो कचेरीत जायचा, परत यायचा. हसायचा कमी. एका पहाटे निरोप आला आणि मी टांगा करून धावलो. मधुसूदन अंथरुणातच गेला होता. वैद्यबुवा म्हणाले, मध्यरात्रीच गेला असावा. अंग लाकडासारखं ताठ, थंड. पण चेहरा असा, की बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवून झोपलाय.

न्यायची वेळ झाली तेव्हा कुणाच्यातरी लक्षात आलं, याचे जोडे घरात नाहीत.

मीच शोधायला निघालो. शेवटच्या घरापाशी थांबलो. कुलूप गंजलेलं, तसंच. पायरीवर दव. दवावर एकही पाऊल नाही.

उंबऱ्याबाहेर मधूचे जोडे. पाहुण्यानं काढून ठेवावेत तसे. शेजारी शेजारी.

उचलायला मी जोड्यांत हात घातला...

अजून ऊब होती त्यांत.