मंजुळेची जागा

मला माझ्या कामाचा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. बोलता बोलता तुमच्या लक्षात येणारच, तर आपणच सांगितलेलं बरं. सोलापुरात फोटो काढणारे तेव्हाही पुष्कळ होते, पण नवरदेव आरशात दिसतो त्याहून फोटोत बरा दिसला की लोक न विचारता माझं नाव घ्यायचे. आजवर काढलेला कुठलाही फोटो मी कुणालाही दाखवीन. एक सोडून. आणि तो बिघडला म्हणून दाखवत नाही असंही नाही. तसा स्वच्छ फोटो मला पुन्हा साधलेला नाही. बसा जवळ, सांगतो.

सत्त्याऐंशीच्या होळीच्या आधीचे दिवस. मराठवाड्यात पावसानं ओळीनं पाठ फिरवली होती. अशा काळात बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याच्या बायकांनी दूध संस्था काढली, टिकवली आणि जिल्ह्याच्या दूध संघाचं पहिलं बक्षीस पटकावलं. संघानं त्यानिमित्त स्मरणिका काढायचं ठरवलं आणि एका दिवसाचं काम मला दिलं. बीड शहराचे काही फोटो घ्यायचे आणि बक्षीस घ्यायला येणाऱ्या त्या बायकांचा एकत्र फोटो मुखपृष्ठासाठी काढायचा.

बीड मी कधी पाहिलं नव्हतं. परक्या शहरात एकाच दिवसात काम उरकायचं तर पायाआधी डोकं चालवावं लागतं. ऊन कुठून चढतं, कुठली भिंत कधी सावलीत जाते, हे आदल्या दिवशीच ठाऊक हवं. म्हणून लॉजचा मालक राधाकिशन याला मी चहा पाजला आणि समोर बसवलं. गडी हौशी निघाला. त्यानं टेबलावरच शहर मांडलं. साखरेचा डबा म्हणजे खंडोबाची टेकडी, तांब्या म्हणजे कंकालेश्वराचं देऊळ, काडेपेटी म्हणजे बाजार. सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यानं बिंदुसरा ओढली.

"नदीत सध्या येवढंबी पानी न्हाई," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

उगवतीला देऊळ, कोवळ्या उन्हात टेकडीवरच्या दीपमाळा, उतरत्या उन्हात बाजार. सगळं चपखल बसलं. अडलं ते बायकांपाशी. मला त्या सकाळी हव्या होत्या. पण त्या पहाटेची धार काढून, दूध घालून गावाहून निघणार आणि संध्याकाळच्या धारेला परत पोचणार. म्हैस काही फोटोवाल्यासाठी थांबत नाही. म्हणजे उरली भर दुपार, आणि भर दुपारचं ऊन आमच्या धंद्याचा वैरी. माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खळगे दिसतात.

"मग बारवंत घ्या फोटू," राधाकिशन म्हणाला. "गावाभाईर जुनी बारव हाय. खाली उतराया पायऱ्या, वरून कमान. दुपारीबी सावली असती."

"पाणी आहे?"

"औंदा पहिल्यांदाच तळ दिसला. आता तिकडं कुनी जात न्हाई. कशाला जाईल?"

त्यानं टेबलाच्या कडेला एक रिकामी बशी पालथी ठेवली. ती बारव. उद्याचा सगळा दिवस माझ्यासमोर टेबलावर मांडलेला होता आणि मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळ ठरल्याप्रमाणे पार पडली. दुपारी बारवेत उतरलो तेव्हा मात्र अंगावर बारीक काटा आला. वर ऊन नुसतं भाजत होतं आणि खाली पायऱ्यांना गारवा होता. तळाच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. मी कॅमेरा लावत होतो, तो खाली मान घालून काचेत बघायचा कॅमेरा, तेवढ्यात संघाचा टेम्पो आला आणि बायका उतरल्या.

काय तो थाट! दुष्काळ त्यांच्या घरी होता, अंगावर नव्हता. ठेवणीतली लुगडी, कपाळभर कुंकू, आणि मान अशी ताठ की संघाचा शिपाईसुद्धा आपोआप बाजूला झाला. सगळ्यांत पुढे होत्या केशरबाई, साठीच्या, काटक. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चांगला काढा," त्या म्हणाल्या. "आमी रोज रोज येत न्हाई."

कुणी न सांगता त्या पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहिल्या. मी काचेत पाहिलं आणि चरफडलो. बरोबर मधोमध, केशरबाई आणि शेजारच्या सुंदरबाई यांच्यात, एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. मुखपृष्ठाच्या ऐन मध्यावर रिकामी पायरी.

"आजी, जरा सरका. मधे जागा राहतेय."

"ऱ्हाऊ द्या. ती मंजुळेची हाय."

मंजुळा म्हणजे त्यांची सून आणि संस्थेची चेअरमन. दारोदार फिरून तिनंच या बायकांना गोळा केलं होतं. पण त्या वर्षी वैरण संपली, तिची स्वतःची म्हैस विकावी लागली आणि दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, ऊसतोडीला गेली. चेअरमनबाई कोयता घेऊन उसाच्या फडात, आणि संस्थेचं बक्षीस इथं बीडात. संक्रांतीपासून तिचा निरोप नव्हता. हे सगळं केशरबाईंनी रडगाणं न करता सांगितलं.

"आमच्यात तोडीला गेलेल्याची जागा धरत्यात," सुंदरबाईंनी समजावलं. "पंगत असू दे, लगीन असू दे. मेलेल्याची न्हाई धरत. जे माघारी यायचंय त्याचीच."

"मिटवली तर?" मी विचारलं.

"मिटवत न्हाईत," केशरबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? माझं चित्र बिघडत होतं. पण ती सासू आपल्या सुनेचा अभिमान असा छातीवर घेऊन उभी होती की मीच मागं सरलो. म्हटलं, असू दे. रिकाम्या जागेचासुद्धा फोटो मीच चांगला काढीन.

तेवढ्यात वर जीप थांबली आणि संघाचे संचालक मोहनराव उतरले. पांढरेशुभ्र कपडे, टोकदार टोपी. जिथं फोटो तिथं मोहनराव, हे मला राधाकिशननं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पायऱ्या उतरता उतरता त्यांची नजर नेमकी त्या जागेवर गेली.

"वा! आमच्यासाठी जागा धरलीच की तुमी."

"मोहनराव, तितं नगा," केशरबाई म्हणाल्या. "मंजुळेची जागा हाय ती. कडंला उभं ऱ्हावा."

"जागा काय एसटीतली हाय का, रुमाल टाकून धरायला?" ते मोठ्यानं हसले. कुणीच हसलं नाही. मोहनराव दोघींच्या मधे शिरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हां, घ्या फोटोवाले."

मी मान खाली घातली. काचेत सगळं नीट होतं. मग वास आला.

आधी मला वाटलं, वरच्या रस्त्यानं रसाची गाडी चालली असेल. ओल्या उसाचा, पाचटाचा, घामेजल्या बैलांचा वास. पण तो वरून येत नव्हता, पायऱ्यांवरूनच येत होता. मागोमाग आवाज. सळसळ... पात्यावर पातं घासल्यासारखी. आसपास हिरवं पान नव्हतं हो, बारवेच्या कडेची बाभळसुद्धा वाळलेली होती. आणि सळसळीच्या आत, कुठूनतरी खोल, लाकडाचं करकरणं सुरू झालं. जड काहीतरी एका अंगाला कलत होतं.

काचेत मोहनरावांचे कपडे काळवंडत गेले. मी मान वर करून पाहिलं. त्यांच्यावर कसलीच सावली नव्हती. पुन्हा काचेत पाहिलं. सावली होती आणि ती दाट होत चालली होती. त्यांचे खांदे खचले. गुडघे वाकले.

"वजन..." ते पुटपुटले. "काढा... कुनीतरी काढा माझ्यावरचं..."

त्यांनी पाऊल उचलून बाहेर यायचा प्रयत्न केला. तेव्हा केशरबाईंनी त्यांचा दंड धरला. मला वाटलं, ओढून काढतील. पण त्यांनी ओढलं नाही. त्यांनी त्यांना तिथंच धरून ठेवलं आणि पलीकडून सुंदरबाईंनी दुसरा दंड धरला.

"आता हलू नगा," केशरबाई अगदी हळू म्हणाल्या. "म्या न्हाई म्हनलं व्हतं. आता तुमीच हाय तितं. तुमी निसटला तर तिच्यावर पडंल."

"कुनावर...? सोडा..."

"फोटोवाले, काढा तुमी."

खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं. पण आयुष्यात माझा फोटो हललेला नाही आणि तेव्हाही मी तो हलू दिला नाही. श्वास रोखला, खटका दाबला. त्याच क्षणी काहीतरी प्रचंड कोसळलं. बारवेत धूळसुद्धा उडाली नाही, पण माझ्या दातांपर्यंत ते पोचलं. मग सगळं शांत. वाससुद्धा नाही.

दोघींनी हात सोडले. मोहनराव सरळ उभे होते. टोपी जागच्या जागी, कपड्यांना सुरकुती नाही. ते कुणाकडं न बघता पायऱ्या चढून गेले, पावलांचा आवाज न करता. जीप निघून गेली. केशरबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि बायकांना म्हणाल्या, "चला, धारा ऱ्हाईल्यात."

बाजाराचे फोटो मी त्या दिवशी काढले नाहीत. सोलापूरला येऊन फिल्म धुतली. फोटोत सगळ्या बायका आहेत, ताठ, देखण्या, डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या. मधे रिकामी पायरी आहे. तिच्या एका बाजूला केशरबाई, दुसऱ्या बाजूला सुंदरबाई, आणि दोघींच्या मुठी हवेत, सगळा जोर लावून, काहीच नसलेल्याला गच्च धरून.

संघाला मी दीपमाळेचा फोटो दिला आणि त्यांनी मुखपृष्ठावर तोच छापला. पण तो दुसरा मला स्वस्थ बसू देईना. पाडव्यानंतर तोडीची माणसं गावी परततात, म्हणून फोटो पिशवीत घालून मी चकलांब्याला गेलो. बीडला एसटी बदलायची होती. स्टँडासमोरच कसलीशी सभा चालली होती आणि मोहनराव भाषण करत होते, खणखणीत. मी क्षणभर थांबलो. बरं वाटलं. माणूस धडधाकट होता, म्हणजे त्या दुपारी काही झालंच नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

केशरबाईंच्या अंगणात एक सावळी, उंच बाई दूध मोजून घेत होती. कुणी सांगायची गरज नव्हती. मंजुळा परत आली होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. केशरबाईंच्या चेहऱ्यावर तर असा तोरा, जणू सून यमाच्या दारातून नाही, दिल्लीहून आली होती.

"हिच्या तोंडूनच ऐका," त्या म्हणाल्या.

मंजुळेनं सांगितलं. कालव्याच्या उतारावर उसानं भरलेली गाडी उलटली होती, बक्षिसाच्याच दिवशी, भर दुपारी. ती खालच्या अंगाला होती आणि सगळा ऊस तिच्यावर आला.

"मोळ्या येताना म्या डोळ्यानं बघितल्या. पर माझ्यापाशी पोचल्याच न्हाईत. मधी कुनीतरी व्हतं. पाठ वाकवून उभं. पांढरे कपडे तेवढे दिसले. आमच्या मालकांनी मला पायाला धरून ओढून काढलं. येक खरचटा न्हाई अंगावर."

"हिची जागा आमी धरली व्हती," केशरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

मी फोटो पुढं केला. मंजुळेनं तो बराच वेळ पाहिला. सासूच्या मुठीवर बोट ठेवलं, मग सुंदरबाईंच्या, मग मधल्या रिकाम्या पायरीवर.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मला काढलं तवा तो मानूस खालीच व्हता. कन्हत व्हता. म्या म्हनलं सगळ्यास्नी, आजून येक जन हाय. ऊस उपसला. खाली कुनीच न्हवतं... पर आवाज येतच व्हता."

मी स्टँडासमोर ऐकलेलं ते खणखणीत भाषण आठवत होतो आणि ते करणारा कोण, हे मला विचारायचं नव्हतं.

मंजुळेनं फोटो माझ्या हातात परत दिला.

"त्या मानसाची जागा," तिनं विचारलं, "कुनी धरली हाय का?"