वाढीव वेळ

हे घडलं तेव्हा दिवस होता.

हे आधीच सांगते, कारण ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी पहिलं हेच विचारलं, तू झोपेत नव्हतीस ना? नव्हते. जानेवारीतली शनिवारची दुपार होती. सेंट पॉलमधलं आमचं स्वयंपाकघर. बाहेर बर्फावर इतकं ऊन होतं की खिडकीकडे बघवत नव्हतं. मी एकटीही नव्हते. आर्डिस मावशी समोर बटाटे सोलत होती आणि फोनवर कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या ट्रुडेल बाई होत्या.

आम्ही तिघींनी ऐकलं.

तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. पण कॉलेजचं पत्र माझ्याकडे आहे. त्या दुपारी जे झालं ते झालंच नाही, असं त्यांनीसुद्धा म्हटलेलं नाही.

त्यांचा आक्षेप वेगळाच आहे.

माझी आई, मार्लिस हॉगन, तीस वर्षं कोर्टात होती. साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे बोलतील ते शब्दन् शब्द टाइप करून घ्यायचं, हे तिचं काम. छप्पन्नाव्या वर्षी तिनं लॉ कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. का, असं विचारलं तर म्हणायची, "आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी केली. आता चार माझी लिहिते."

शेवटच्या वर्षाच्या आधी तिला कॅन्सर झाला. तो आटोक्यात आला. पण औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली ती तशीच राहिली. जिचे हात कोर्टात पाण्यासारखे चालायचे ती आता हातमोजे घातल्यासारखी टाइप करायची. टक टक टक… मग थांबायची… मग चुकलेलं खोडायला तीच एक की, परत परत. मी जिन्यात उभी राहूनही सांगितलं असतं, ही आई.

तिनं कॉलेजकडे वाढीव वेळ मागितला. पेपरच्या वेळेच्या निम्मा आणखी. आजारी विद्यार्थ्यांना तो मिळतो.

मिळाला नाही. डॉक्टरांनी सही केली होती ती जुन्या फॉर्मवर. नवा फॉर्म आला होता आणि त्याची मुदत उलटून गेली होती.

मी चिडले. आई चिडली नाही. "नियम आहे, ब्रिटा," एवढंच म्हणाली.

डिसेंबरमध्ये शेवटचा पेपर होता, पुराव्याच्या कायद्याचा. पेपर स्वतःच्या लॅपटॉपवर लिहायचा असतो. कॉलेजचं सॉफ्टवेअर तेवढ्यापुरता सगळा लॅपटॉप ताब्यात घेतं, दुसरं काही उघडू देत नाही. वेळ संपली की स्क्रीन आपोआप बंद होते, उत्तराला कुलूप लागतं आणि फाइल कॉलेजकडे जाते. पेपरवर नाव नसतं. फक्त एक क्रमांक असतो, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की कोणाचा.

मी बाहेर गाडीत बसले होते. आई आली, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसली.

"अर्धं वाक्य राहिलं गं," ती म्हणाली. "लिहिता लिहिता बंद झालं."

"शेवटचं?"

"नाही. मुद्द्याचं." मग थोड्या वेळानं, "फाइल पण गेली नाही. तिथलं इंटरनेट बसलं होतं. घरून पाठवा म्हणाले."

घरी आम्ही पोचलोच नाही. वाटेत तिनं छातीवर हात ठेवला. मी गाडी हॉस्पिटलकडे वळवली. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

बॅग गाडीतच राहिली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि पातळ कॉफी चालू होती. लोक हलक्या आवाजात हवामानाबद्दल बोलत होते, आमच्याकडे दुःख असंच करतात. तेव्हा आईच्या फोनवर पहिला ईमेल आला. परीक्षार्थी क्रमांक अमुक, आपली उत्तराची फाइल मिळालेली नाही. न आल्यास शून्य गुण धरले जातील.

नंतर तो रोज सकाळी यायला लागला.

मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. खूप वेळ तोच तो सूर ऐकवून झाल्यावर वेंडेल नावाचा एक सभ्य माणूस आला.

"मला खातेदाराशी बोलावं लागेल," तो म्हणाला.

"त्या वारल्या."

"ऐकून फार वाईट वाटलं. त्या त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवरून फोन करू शकतील का?"

"हा त्यांचाच नंबर आहे."

"अच्छा. मग आपण मार्लिस बोलताय का?"

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं.

"आणखी काही मदत करू शकतो का?"

"पहिलीच झाली नाहीये," मी म्हटलं.

सॉफ्टवेअरवाले म्हणायचे कॉलेजला विचारा. कॉलेज म्हणायचं सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. ट्रुडेल बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी एकदा सरळ सांगितलं. हा एक पेपर पास झाला तर आईला मरणोत्तर पदवी मिळेल. नाही तर वर्गांना उपस्थित होती असं सर्टिफिकेट.

"हजेरीचं सर्टिफिकेट?" मावशी म्हणाली. "तिला काय बालवाडीत घातलं होतं?"

मला पदवी हवी होती. मेमधल्या समारंभात तिचं नाव पुकारलं जायला हवं होतं. क्रमांक नाही, नाव. दुसरं काही मागायला उरलंच नव्हतं.

शेवटी ट्रुडेल बाईंनी कुठून तरी परवानगी काढली. शनिवारी दुपारी लॅपटॉप सुरू करा. मी फोनवर एक कोड सांगेन. एकच बटण दिसेल, फाइल पाठवा असं. ते दाबा. बाकी कशाला हात लावायचा नाही.

कोड घातला.

बटण आलं नाही.

प्रश्नपत्रिका उघडली. खाली आईचं उत्तर. आणि कोपऱ्यातलं घड्याळ, जे शून्यावर असायला हवं होतं…

ते चालू होतं. उलटं मोजत होतं.

"शक्य नाही," ट्रुडेल बाई म्हणाल्या. "त्या पेपरची वेळ डिसेंबरमध्येच संपली आहे."

"मला तेच दिसतंय."

"ठीक आहे. कशालाही हात लावू नका."

"लावलेला नाही."

आणि तेवढ्यात…

टक.

टक टक टक…

मी माझ्या हातांकडे बघितलं. एकात फोन होता, दुसरा मांडीवर होता. मावशीच्या एका हातात बटाटा होता, दुसऱ्यात सुरी. कीबोर्डवरची एकही की खाली जात नव्हती.

"मिस हॉगन," फोनवरचा आवाज कडक झाला. "मी आत्ताच सांगितलं ना, हात लावू नका म्हणून?"

"मी लावत नाहीये."

"मला ऐकू येतंय."

टक टक… मग शांतता. मग तीच एक की, परत परत. खोडणारी.

मावशीनं सुरी खाली ठेवली.

"मार्लिस आहे," ती म्हणाली. हवामान सांगावं तसं.

मला स्क्रीन बघायची होती. ते अर्धं वाक्य मला बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी वाकले, तर मावशीनं लॅपटॉप माझ्याकडून फिरवून भिंतीकडे केला.

"पेपर लिहिणाऱ्याच्या मागे उभं राहू नये."

"मावशी…"

"चल बाहेर. तिला लिहू दे."

आम्ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. फोन मी बंद केला नव्हता आणि ट्रुडेल बाईंनीही ठेवला नव्हता. कॉफी समोर थंड झाली. आतून आवाज येत राहिला. अडखळत… थांबत… खोडत.

मग हळूहळू तो बदलला.

खोडणं कमी झालं. थांबणं कमी झालं. आणि एका क्षणी तो इतका सरळ, इतका वेगात वाहायला लागला की मी लहानपणच्या घरात जाऊन पोचले. रात्री कोर्टाचं काम घरी आणून ती टाइप करत बसायची आणि मी शेजारच्या खोलीत झोपायचे, तो आवाज.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं.

आवाज थांबला.

आत गेलो तर स्क्रीन हिरवी झाली होती. आपले उत्तर मिळाले आहे.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. टेबलाजवळची खुर्ची मात्र मागे सरकलेली होती. आम्ही उठताना तशी ठेवली होती का, यावर मावशीचं आणि माझं अजून एकमत नाही.

मला वाटलं, संपलं.

दोन आठवड्यांनी कॉलेजात बोलावणं आलं. ट्रुडेल बाईंच्या टेबलावर सॉफ्टवेअरवाल्यांची नोंद होती. पहिल्यांदाच त्या मला समोरासमोर दिसत होत्या. डोळ्यांखाली काळं होतं.

"त्या शनिवारी या फाइलमध्ये लिहिलं गेलंय," त्या म्हणाल्या. "कोणी लिहिलं?"

"तुम्ही फोनवर होतात."

"मी काय ऐकलं ते मला नका विचारू. मला परीक्षा समितीला काहीतरी सांगायचं आहे."

"किती वेळ लिहिलं गेलं, ते आहे का त्यात?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला नाही. नुसतं बघून म्हणाल्या, "पेपरच्या वेळेच्या बरोबर निम्मा."



"तिनं मागितला होता तेवढाच," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो अर्ज मीच नाकारला होता."

मग पत्र आलं. कोणी लिहिलं हे ठरवता येत नाही, त्यामुळे कोणावरही गैरप्रकाराचा ठपका नाही. मात्र परीक्षार्थीला वाढीव वेळ मंजूर नव्हता. सबब, ठरलेल्या वेळेनंतरचा मजकूर धरता येणार नाही. उरलेल्या मजकुराला उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळत नाहीत. सोबत उपस्थितीचं सर्टिफिकेट जोडलं आहे.

मावशीनं ते दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"मेलेली चालते त्यांना," ती म्हणाली. "उशीर चालत नाही."

मी अपील करायला गेले. त्या रागाचं दुसरं काय करायचं तेच मला कळत नव्हतं. फॉर्म नवाच होता, हे मी तीनदा तपासलं. तो त्याच दिवशी परत आला. अपील परीक्षार्थीनं स्वतः करायचं असतं. मुलीनं केलेलं चालत नाही.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप आईच्या खोलीतल्या कपाटात, हिवाळी पांघरुणांच्या खाली ठेवून दिला. चार्जर स्वयंपाकघराच्या खणात होता. बॅटरी केव्हाच उतरली होती. सर्टिफिकेटही कपाटातच टाकलं. मला ते भिंतीवर नको होतं.

रविवारी मी कपडे घड्या करत होते.

कपाटातून…

टक टक टक टक.

अडखळणं नाही. खोडणं नाही. एका दमात, स्वच्छ. माझा हात कपाटाच्या मुठीपर्यंत गेला. मग मला मावशीचं बोलणं आठवलं आणि मी खोलीचं दार ओढून बाहेर येऊन उभी राहिले.

आवाज फार वेळ चालला नाही.

सोमवारी ट्रुडेल बाईंचा फोन आला. आवाज इतका हळू होता की आधी मला ओळखू आला नाही.

"तुमच्या आईचं अपील आलंय. त्यांच्या खात्यातून."

मी आईच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तुम्ही केलंय का? नाही म्हणालात तरी चालेल, मला फक्त विचारायचं होतं."

"नाही."

"फॉर्म बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळं बरोबर आहे. एकही चूक नाही. मी दोनदा बघितलं, काहीतरी सापडावं म्हणून. मला ते दाखल करून घ्यावं लागलं."

"मग आता?"

"सुनावणी. गुरुवारी दुपारी." त्या थांबल्या. "नियमाप्रमाणे परीक्षार्थीनं स्वतः हजर राहायचं असतं."

हे त्या खवचटपणे म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. उलट बोलता आलं असतं. पण त्यांनी नुसतं सांगितलं, जसं कोणालाही सांगतात.

आज बुधवार आहे. सोमवारपासून कपाटातून काहीच आवाज नाही. मी दोनदा दाराला कान लावून बघितला. आवाज यायचा तेव्हा मला भीती वाटली नव्हती. आता वाटते. जिचं काम संपलं ती गप्प असते. आणि जिला उद्या कुठे तरी जायचं असतं, तीही गप्पच असते.

मावशीनं आईचा निळा कोट बाहेर काढून इस्त्री केला. तो आई कोर्टात घालायची. मी विचारलं नाही, कशाला. मावशीनं तो दाराजवळच्या खुंटीला लावला.

संध्याकाळी ट्रुडेल बाईंचा परत फोन आला. खोली बदलली आहे, दुसऱ्या मजल्यावर या, असं सांगायला. ते सांगून झालं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"मिस हॉगन… तुमच्या बाजूला किती खुर्च्या मांडायला सांगू?"

मी दाराकडे बघितलं. कोटाकडे.

"तीन," मी म्हटलं.