दिवसाउजेडी सांबर

"हे तुमचं लेकरू ओढ्यात पडलं होतं," असं म्हणत त्याने चिखलाने माखलेला कॅमेरा तिच्या टेबलावर ठेवला.

तिने मान वर केली आणि नको ते बोलून बसली.

"आज टोपी नाही घातली?"

तो बघतच राहिला. कसा नाही राहणार? दोघं जन्मात पहिल्यांदा समोरासमोर येत होती, आणि ही बया त्याच्या टोपीची चौकशी करत होती! तिचे कान तापले. पण बाण सुटला होता, आता काय करणार?

त्याचं असं होतं. जंगलाच्या कडेला ते छोटं गाव, आणि गावाच्या टोकाला वन-अभ्यास केंद्राचं दोन खोल्यांचं ऑफिस. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असत, आणि समोरून काहीही हललं की ते आपोआप फोटो काढत. ते फोटो निवडायचं काम हिच्याकडे. सांबरं इकडे, रानडुकरं तिकडे, माणसं वेगळी. ओढ्याच्या पायवाटेवरच्या कॅमेऱ्यात हा रोज दिसायचा. सकाळी रिकाम्या हाताने शीळ घालत जाणारा, दुपारी खांद्यावर वेताची मोळी घेऊन परतणारा. माणसांच्या फोटोवर रेंगाळायचं नाही असा नियम होता. तिने नियम मोडला नव्हता हो, फक्त याचा फोटो आला की तिचा हात जरा सावकाश चालायचा.

"म्हणजे तुम्ही मला चोरून बघता," सगळं ऐकून तो म्हणाला.

"कॅमेरा बघतो. मी नुसती निवडते... तांदळातले खडे निवडावेत तसं."

"आणि मी खडा."

"मी असं म्हटलं नाही—"

"म्हटलंत. पण खडासुद्धा आधी नीट बघावा लागतो, तेव्हाच निवडता येतो."

बाहेर पावसाची झड लागली होती. ती थांबेपर्यंत तो बसला. हत्तिणीने सोंडेने कॅमेऱ्याचा पट्टा तोडला असावा, असं त्याने सांगितलं. मागच्या गल्लीत त्याच्या वडिलांचं वेतकामाचं दुकान होतं. वेत तोडून आणायचा याने, खुर्च्या-पाळणे विणायचे दोघांनी. पाऊस कधी थांबला, ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोटोंना रंग चढला. स्वारी आता कॅमेऱ्यासमोर थांबायची, टोपी काढून लवायची. एकदा तर कानामागे रानफूल खोचून उभी! केंद्राच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी नेमका तोच फोटो तिच्या खांद्यावरून पाहिला आणि हे जनावर बरंच माणसाळलेलं दिसतंय, एवढंच बोलून त्या आत निघून गेल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हिला झालं.

मग संध्याकाळी काम सुटलं की तिची पावलं दुकानाकडे वळू लागली. तिथे पातेल्यातून वाफ यायची, जमिनीवर सालींचा खच पडलेला असायचा. बाबा कोपऱ्यात पाठमोरे बसून विणत असायचे. ती आली तरी मान वर करत नसत. वाफेवर धरलेला वेत कसा वाकवायचा, हे त्याने तिला शिकवलं. घाई केली की तो तडकतो, म्हणाला, आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवून त्याने तो हळूहळू वाकवला. वेत वाकला की आपणच वाकलो, हे तिला सांगता आलं नसतं.

पण तिच्या मनात एक काटा होता, आणि तो त्याला दाखवायचं धाडस तिला होत नव्हतं. एका संध्याकाळी तिने ते सांगून टाकलं. ओढ्याकाठी मोठ्या फळांची जुनी झाडं आहेत, त्यांचं बी वजनदार, वाऱ्याने उडत नाही. जनावरांनी फळ खावं, दूर कुठेतरी बी टाकावं, तर नवं झाड उगवतं. आईच्या सावलीत पडलेलं रोप जगत नाही. गेल्या काही वर्षांत त्या पायवाटेवर वेताला, मधाला, सरपणाला माणसांची रीघ लागलीय, बरोबर कुत्री. सांबरं दिवसा फिरकेनाशी झालीत, आणि जुन्या झाडांखाली पोरकी रोपं सुकून चाललीत. या मोसमाचे फोटोही तसेच आले, तर मोठ्या बाई वाट बंद करायला सांगणार आहेत.

त्याने हातातला वेत बाजूला ठेवला.

"म्हणजे आमचं दुकान तुझ्या हातात."

"माझ्या नाही रे. सांबरांच्या." मग त्याला बरं वाटावं म्हणून, की स्वतःला, ती पुढे म्हणाली, "एक जरी सांबर दिवसाउजेडी दिसलं ना... माझा दिवस सोन्याचा होतो."

आणि काय सांगावं, आठ-दहा दिवसांतच सांबर आलं! भर दुपारी, उन्हात. मग मादी आली, मग पिल्लू. ती खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी राहिली. मोठ्या बाई जपून बोलणाऱ्या, पण मोसमभर फोटो येत राहिले तेव्हा त्याही विरघळल्या. माणसांची सवय झालेली दिसते, वाट चालू ठेवायला हरकत नाही, असा अहवाल त्यांनी तयार करायला घेतला. गल्लीत आनंदीआनंद झाला. त्या दिवशी वाफेच्या आडोशाला त्याने तिचा हात धरला तो सोडलाच नाही, आणि तिनेही तो सोडवून घेतला नाही.

अहवालात टाकायला चांगला फोटो शोधताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक फोटोत सांबराची मान खाली, त्याच दगडामागे. ती एकटीच ओढ्यावर गेली. दगडामागे मिठाचा खडा होता, चाटून चाटून गुळगुळीत झालेला. वेताच्या सालीने तो मुळीला बांधला होता, आणि ती गाठ कुणाच्या हातची, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"मीठ तू ठेवलंस?" तिने दुकानामागे त्याला गाठून विचारलं.

तो चक्क हसला. "सापडलं होय? कॅमेऱ्याच्या मागून जात होतो, म्हटलं तुला पत्ता लागायला नको. तूच म्हणाली होतीस ना... दिवस सोन्याचा होतो."

"वाट वाचवायला नाही ठेवलंस?"

"वाटेचं मनातसुद्धा नव्हतं. तू हसावंस म्हणून ठेवलं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं! तिचे डोळे भरून आले. मिठासाठी जनावर जीव मुठीत धरून येतं, तिने त्याला समजावलं. त्याची भीती गेलेली नाही, मोह भीतीवर मात करतो, एवढंच. उद्या मिठाच्या नादाने ते कुणाच्या सुऱ्याखाली जाईल, आणि आपण मात्र जंगल सुधारलं म्हणून लिहून मोकळे. त्याचं हसू मावळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे त्याला कळून चुकलं होतं.

"बाबांना दुसरं काही येत नाही गं," तो हळूच म्हणाला. "नाही सांगितलंस तर?"

"तर वाट चालू राहील. दुकानही. फक्त... मीच माझ्यावर विश्वास ठेवू शकणार नाही."

तो निघून गेला. येतो म्हणाला नाही, जातो म्हणाला नाही.

केंद्राच्या अंगणात गल्लीतली माणसं जमली, तेव्हा तिने उभं राहून सांगितलं की दगडामागे कुणीतरी मीठ ठेवत होतं, म्हणून ते फोटो धरता येणार नाहीत. कुणीतरी! नाव तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं. वाट पाच वर्षांसाठी बंद झाली. वेत आता लांबच्या लागवडीतून विकत आणायचा, नाहीतर हात बांधून बसायचं.

आणि बघा, अर्धं खरं कसं अंगावर येतं. गल्लीने आपल्या मनाने चोर ठरवला. मध काढणारे, एकटे राहणारे एक काका सगळ्यांत उशिरा त्या वाटेने परतत, म्हणून तेच. लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, कुणीतरी त्यांची मधाची मडकी फोडली. तिला हे कळलं तेव्हा ती जेवायला बसली होती. ताट सारून तिने चपला पायांत घातल्या, दार उघडलं, तर दारात तो.

"माझं नाव का घेतलं नाहीस?"

"तुला वाचवायला."

"आणि काकांना कुणी वाचवायचं?"

"मी आत्ता सांगायलाच निघाले होते. खरंच."

"राहू दे. मी सांगून आलो, भर गल्लीत, बाबांसमोर." तो चौकटीला टेकला. दोन दिवस झोपला नसावा. "मग लोकांनी विचारलं, का ठेवलंस? तेव्हा तेही सांगावं लागलं."

"काय सांगितलंस?"

"की एक मुलगी आहे. दिवसाउजेडी सांबर दिसलं की ती हसते. आणि ते हसू मला... रोज हवंय."

प्रेम आहे, असं त्याने आजवर तिला म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं ते अख्ख्या गल्लीला, तेही गुन्हा कबूल करताना. ती रडत होती, आणि तेवढ्यातच त्याने उरलेलंही सांगून टाकलं. शहरात फर्निचरच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. या आठवड्यातच निघायचं होतं. महिन्यातून एकदा येता येईल, जमलं तर दोनदा.

"बाबा?" तिने विचारलं.

"माझ्याशी बोलत नाहीत. तुला बोलावलंय."

दुकानात पातेलं थंड होतं. बाबा रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती आली तसे ते वळले, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिने पदराशी चाळा केला नाही, मान खाली घातली नाही.

"पोरी, वाट बंद केलीस," ते म्हणाले. "आता तरी जनावरं परत येतील?"

"माहीत नाही, बाबा."

"झाडं?"

"तेही माहीत नाही. आशा आहे. पण खात्री देता येत नाही."

"म्हाताऱ्याच्या समाधानासाठी तरी हो म्हणायचंस." त्यांनी बोटांवरचे जुने चरे चोळले. "दुकान गेलं. पोरगाही चाललाय. त्याच्यावर जीव आहे का तुझा, की तेही माहीत नाही म्हणशील?"

तो दारात उभा होता. तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. बाबांकडेच बघत ती म्हणाली,

"ते माहीत आहे."