आज किती नंबर?

माझ्या कोपराने डेक्लन मूरचं नाक फुटलं, तेव्हा मला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याच्या बनियनवर चोवीस आकडा होता, म्हणून मी "सॉरी, चोवीस!" असं ओरडले, पुढे गेले आणि बास्केट केली.

"झाली का बास्केट?" फरशीवर बसून, नाक धरून त्यानं विचारलं.

"झाली."

"मग ठीक. निदान फुकट नाही गेलं."

आयोवातला नोव्हेंबर. मक्याची शेतं कापून मोकळी झाली होती आणि आमचा हंगाम तोंडावर आला होता. आमच्या मुलींच्या संघाला सरावासाठी कॉलेजातलेच मुलगे लागतात. पुढच्या सामन्यात जिच्याशी गाठ असेल, तिचा नंबर घालायचा, तिचा खेळ चित्रफितीवर बघायचा आणि आठवडाभर हुबेहूब तिच्यासारखं खेळायचं, हे त्यांचं काम. डेक्लन त्यांच्यातला नव्हताच. त्याच्या खोलीतला मित्र त्यांच्यातला; त्याला ताप आला, म्हणून संघाकडून मिळालेले त्याचे बूट परत पोचवायला डेक्लन आला होता. कोच क्रॅडॉकनी त्याची उंची बघितली, बूट बघितले आणि विचारलं, "तुझ्या मापाचे आहेत का?"

दुर्दैवानं होते.

दुसऱ्या दिवशी तो नाकाला पट्टी लावून पुन्हा हजर.

"आज किती नंबर?" मी विचारलं.

"अजून चोवीसच. डावखुरी आहे ती. मी काल रात्री डाव्या हातानं सूप प्यायलो."

"आणि एरवी काय करतोस?"

"मृदाशास्त्र शिकतो."

"म्हणजे माती खातोस."

"रोज," तो गंभीरपणे म्हणाला. "तुझ्यासमोर तर हमखास."

मी हसले... आणि कोचांची शिट्टी वाजली.

कोच क्रॅडॉक एकसष्ट वर्षांच्या, उंचीनं माझ्या खांद्याइतक्या. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या चौदा जणी व्यावसायिक संघांत गेल्या होत्या. मला पंधरावी व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं मला, निदान नोव्हेंबरपर्यंत तरी.

त्यांचे नियम दोन. बास्केट करणारीनं पास देणारीकडे बोट दाखवायचं. विसरलीस तर शिक्षा म्हणून अख्खा संघ पळणार. आणि बचाव करताना समोरच्याच्या कमरेकडे बघायचं. "डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात," त्या म्हणायच्या, "कंबर बिचारी प्रामाणिक असते."

मुलग्यांसाठी तिसरा नियम होता आणि तो कागदावर होता. संघातल्या मुलींशी मैत्रीपलीकडे काही नाही, खाली सही. डेक्लननं पहिल्याच दिवशी केली होती... नाकाला बर्फ धरून.

हिवाळाभर तो दर आठवड्याला नव्या मुलीच्या रूपात यायचा. "आज किती नंबर?" "अकरा. फार रागीट आहे, सांभाळ." "आज किती नंबर?" "पाच. खेळताना च्युइंगगम चघळते, म्हणून मीही." बाहेर गुडघाभर बर्फ, काचांवर वाफ, आणि आत तो माझ्यासमोर गुडघे वाकवून, हात पसरून उभा. डेक्लन म्हणून तो कधी भेटलाच नाही. तरी रोज दारातून आत येताना मी आधी त्यालाच शोधायचे.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. डावीकडून आत शिरण्यात माझा हात धरणारं संघात कुणी नव्हतं, पण हा मला अडवायचाच. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. फेब्रुवारीत मी मोजायला लागले. डावीकडून तेवीस प्रयत्न, त्यातले सतरा त्यानं अडवले. उजवीकडून वीसपैकी फक्त चार. हा योगायोग नव्हता.

"कसं कळतं तुला?" मी विचारलं.

"मी नाही, नऊ नंबरनं अडवलं. तिला विचार."

मार्चमध्ये आम्ही उपांत्यपूर्व फेरीत हरलो. मी ड्रेसिंग रूममध्ये तासभर रडले. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातल्या खेळाडू निवडतात; त्यात मिलवॉकीच्या संघानं मला शेवटच्या फेरीत निवडलं. शेवटच्या फेरीतली निवड म्हणजे फक्त शिबिराचं निमंत्रण: अठरा जणी येणार, बारा राहणार, सहा जणी घरी.

हंगाम संपला, म्हणजे डेक्लन आता काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं. तो बोलला नाही. मग एके सकाळी कोचांनी मला जिममध्ये बोलावलं, तर तो कोर्टाच्या मधोमध उभा.

"आज किती नंबर?" मी विचारलं.

"बेचाळीस. मिलवॉकीची. आठ वर्षं सामना सुरू करणाऱ्या पाचांत आहे. तुला हिच्याशीच झुंजायचंय."

मी डावीकडे शिरले. त्यानं चेंडू काढून घेतला. पुन्हा शिरले, पुन्हा काढून घेतला. चौथ्या वेळी मी चेंडू काखेत मारून त्याच्यासमोर उभी राहिले.

"डेक्लन, तिथे असंच झालं तर मी आठवड्यात परत येईन. सांग."

त्यानं मान खाली घातली. "डावीकडे जायच्या आधी तू जीभ गालात दाबतेस. डाव्या गालात. इतकुशीच... छोटी सुपारी ठेवावी तशी."

मी गालाला हात लावला. चार वर्षं खेळले, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं, तेही त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं.

"थांब. बचाव करताना बघायचं कुठे?"

"कमरेकडे," तो पुटपुटला.

"मग तू पूर्ण हिवाळा माझ्या तोंडाकडे का बघत होतास?"

त्याचे कान लाल झाले. आधी कडा, मग पाळ्या; मी बघत राहिले.

"सही केलीय मी," तो कसाबसा म्हणाला.

"तो कागद हंगामापुरता होता रे, गाढवा!" वरच्या बाकांवरून आवाज आला. कोच क्रॅडॉक कॉफी पीत बसल्या होत्या. "आणि हा कमरेकडे बघत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. म्हटलं, काय दिसतंय त्याला तिथे? बघू या. चालू द्या आता!"

मी डेक्लनकडे वळले. "तर मग?"

"तर मग तू आधी बारांत ये. आत्ता काही बोललो, तर परत यायला तुला एक कारण मिळेल. मला ते कारण व्हायचं नाहीये, ब्रिन."

पहिल्यांदा त्यानं मला नावानं हाक मारली होती.

"आणि नाही आले बारांत, तर?"

"तर त्याच दिवशी सांगेन. सांत्वन म्हणून."

"शी! सांत्वन नको मला," मी म्हणाले. "चल, उभा राहा समोर."

पुढचे बारा दिवस आम्ही जिभेला वळण लावत होतो. ती काही ऐकेना. चार वर्षांची सवय. घाई झाली की आपोआप गालात जायची.

मिलवॉकीत तिसऱ्याच दिवशी बेचाळीस नंबरनं माझ्याकडून सहजी चेंडू काढून घेतला आणि हसत म्हणाली, "पोरी, ती जीभ आवर." म्हणजे तिलाही कळलं होतं. रात्री पलंगावर पडून मी छताकडे बघत राहिले. आणि मग एक साधी गोष्ट सुचली. ती माझ्या गालाकडे बघत असेल, तर कमरेकडे बघत नसणार.

शेवटच्या दिवशी मला कोपऱ्यात पास मिळाला. समोर बेचाळीस. मी जीभ मुद्दाम डाव्या गालात दाबली, चांगली ठळक. ती त्याच बाजूला झुकली. मी उजवीकडून निघाले आणि मोकळ्या जागेतून चेंडू वर टाकला. कडीला न लागता तो थेट जाळीतून गेला. परत पळताना सवयीनं पास देणारीकडे बोट दाखवलं.

मिलवॉकीच्या कोच लॉरेटा बोडेन माझ्याजवळ आल्या. "क्रॅडॉककडची ना?"

"हो."

"मीही. बोट विसरलं की अजून पळवतात का?"

"अजून."

"नुसत्या बोटावर इथे जागा मिळत नाही. त्यांच्याकडच्या आणखी दोघी आहेत माझ्याकडे." त्यांनी माझ्या गालाकडे बघितलं. "पण ही हुलकावणी काही त्या बाईंनी शिकवलेली नाही. कुणी शिकवली?"

"मातीचा अभ्यास करणारा एकजण आहे."

संध्याकाळी यादी लागली. मी वरून मोजत गेले. बाराव्या ओळीवर माझं नाव होतं. तरी खात्रीसाठी खालून वरही मोजलं.

घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात मला शेवटची चार मिनिटं मिळाली. बेचाळीस नंबरनंच पास दिला, मी बास्केट केली, एक बोट तिच्याकडे दाखवलं... आणि दुसऱ्या हाताचं बोट सातव्या रांगेकडे. तिथे कोच क्रॅडॉकच्या शेजारी एक लालबुंद कानांचा मुलगा उभा होता.

सामन्यानंतर कोच कठड्याशी आल्या. "पास एकीनं दिला होता. दोन बोटं कशाला?"

"एक पास नोव्हेंबरातला होता, कोच. बोट दाखवायचं राहून गेलं होतं."

"हं." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "मी कॉफी आणते. फार गर्दी आहे तिथे, बराच वेळ लागेल." कॉफीच्या दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

डेक्लन समोर उभा. निळा साधा शर्ट, पाठीपोटावर काहीच नाही. तरी मी विचारलंच, "आज किती नंबर?"

"आज नंबर नाही. आज नुसता डेक्लन." "त्याची चित्रफीत कुठेच मिळत नाही. जमतंय की नाही, कुणास ठाऊक. ब्रिन... मला तू आवडतेस. पहिल्या कोपरापासून."

मी उत्तर देणार, एवढ्यात तो हसायला लागला.

"काय झालं?"

"जीभ. डाव्या गालात."

"मग ओळख, कुठे जाणार मी?"

त्यानं ओळखलं नाही. मी सरळ त्याच्याकडे गेले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कोचांचा नियम धाब्यावर बसवून. आणि बचाव दोघांपैकी कुणीच करत नव्हतं.